दिव्याचं बटण काढू देऊ नका

आमच्या घरी बोलणारं यंत्र बसवलं तेव्हा मी नको म्हणाले होते. हे आधीच सांगून ठेवते, कारण आता जो येतो तो विचारतो, "वहिनी, तुम्ही अडवलं का नाही?" अडवलं होतं. पण दोन्ही पोरं पुण्यात कंपनीत, दोघांनी मिळून ठरवलेलं, आणि ह्यांनाही वाटलं की लेकरं काळजीपोटी करतायत तर करू द्यावं. माझ्या 'नको'चं कारण कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर एवढंच म्हणाले असते, की आत्यांना हिंदी येत नाही.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. गुडघे पार गेलेत, काठी धरून पडवीपर्यंत येतात. यंत्र त्यांच्यासाठीच घेतलं, असं सगळे आजही म्हणतात. उठायला नको, बसल्या जागेवरून बोललं की दिवा लागेल, पंखा फिरेल. ऐकायला चांगलंच वाटतं. पण खरं कारण बिबट्याचं होतं.

२०२५ च्या दिवाळीच्या आगेमागे आमच्या शिरूर तालुक्याच्या या पट्ट्यावर काय गुदरलं ते सगळ्या महाराष्ट्रानं टीव्हीवर पाहिलं. पिंपरखेड आणि जांबूत, दोन्ही गावं आमच्या कवठे येमाईच्या शेजारची. तिथं तीन आठवड्यांत तीन माणसं गेली, दोन लेकरं आणि एक म्हातारी. लोकांनी मंचरला महामार्ग रोखला, मग नोव्हेंबरात एक बिबट्या गोळी घालून मारण्यात आला. पण ऊस आहे तिथं बिबट्या आहे, हे आम्ही जाणतो. मळ्यात राहणारा माणूस तेव्हापासून अंधार पडायच्या आत गोठ्याची कामं उरकतो. घराघरात उजेडाची चर्चा सुरू झाली. कोणी कांद्याच्या बराखीला हॅलोजन लावला, कोणी विहिरीवर. आमच्या पोरांच्या डोक्यात हे बोलणारं घर आलं.

शिरूरच्या ज्या दुकानदारानं हे सगळं विकलं, त्यानं मोबाईलवर एक जुनी बातमी दाखवली होती. उत्तर प्रदेशात बस्ती म्हणून जिल्हा आहे. तिथं २०२४ च्या एप्रिलमध्ये घरात माकडं शिरली, आणि तेरा वर्षांच्या एका मुलीनं असल्याच यंत्राला कुत्र्यासारखं भुंकायला सांगून ती पळवून लावली. सोबत तिची लहानगी भाचीही होती. पोरीच्या धीराचं कौतुकच आहे, आनंद महिंद्रांनी तिला पुढं नोकरी देऊ केली तेही योग्यच. पण दुकानदारानं त्यावर जोडलं, "माकडं पळतात तर बिबट्या पण पळंल, मावशी." त्या घरी त्या वेळी लाईट होती, नेट होतं आणि पोरीला यंत्राची भाषा येत होती. या तिन्ही गोष्टी तो बोलला नाही. आमच्या मळ्यात तिन्ही एका वेळी असतीलच असं नाही, हे शिरूरमध्ये धंदा करणाऱ्या माणसाला ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही.

त्यानं माणूस पाठवला. स्वयंपाकघराच्या फळीवर एक गोल डबा ठेवला, आत्यांच्या खोलीत एक. आतल्या तीन दिव्यांच्या जागी वायफायचे दिवे, पंख्याला एक डबी, आणि गोठ्यासमोरच्या हॅलोजनला वेगळी डबी. आतल्या बटणांवर चिकटपट्टी लावली आणि वर पेनानं लिहिलं, 'बंद करू नये'. कारण भिंतीवरचं बटण बंद झालं की दिव्याला करंटच मिळत नाही, मग यंत्र कितीही ओरडलं तरी तो लागत नाही. पडवीतल्या बोर्डावर त्यानं काय केलं ते मी तेव्हा पाहिलं नाही. मी धार काढत होते.

पहिल्याच संध्याकाळी त्रास सुरू झाला. आत्या म्हणायच्या, "दिवा लाव गं बाई." यंत्र गप्प. नाव घेऊन बोलायचं असतं, ते नाव आत्यांच्या तोंडात बसेना. नाव बसलं तर पुढचं मराठीत. यंत्र म्हणायचं, समझ नहीं पाई. माझ्या सुनेनं त्यांना हिंदीतली दोन वाक्यं पाठ करून दिली. सगळं आयुष्य या मातीत गेलेली बाई, स्वतःच्या खोलीतला दिवा लावायला परक्या भाषेत पाठांतर करत बसली होती. ते पाहून माझ्या पोटात तुटलं. आजही तुटतं.

२०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटी तीस लाख लोक होते. ॲमेझॉनच्या स्पीकरला हिंदी आली २०१९ च्या सप्टेंबरात. गूगलनं फोनमधल्या असिस्टंटला मराठी त्याच्या आधी, २०१८ च्या ऑगस्टमध्येच दिली होती. म्हणजे यंत्राला मराठी शिकवता येते, त्यात अवघड काही नाही. पण त्या दुकानात मांडलेल्या घरगुती स्पीकरच्या डब्यांवर भाषांची यादी मी नंतर जाऊन वाचली, त्यात मराठी नव्हती. म्हणून पहिली गोष्ट ही करा. पैसे देण्याआधी डबा हातात घ्या आणि भाषा वाचा. विकणारा म्हणेल, 'सगळं समजतं त्याला.' मग त्याच्यासमोर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला बोलायला लावा. ते माणूस दुकानात येऊ शकत नसेल तर फोन लावून स्पीकरवर बोलू द्या. आमच्या वेळी हे कोणाला सुचलं नाही, आणि मी सुचवलं असतं तर हसले असते.

हवामानाचं तर विचारूच नका. काढलेला कांदा वावरात पडलेला होता, आभाळ भरून आलेलं. ह्यांनी यंत्राला विचारलं, ते म्हणालं आकाश निरभ्र राहील. नंतर धाकट्यानं मोबाईलमध्ये पाहिलं तर पत्त्याच्या जागी सांगली जिल्ह्यातलं कवठे महांकाळ. बसवणाऱ्यानं नुसतं 'कवठे' टाकून जे पहिलं आलं ते दाबलं होतं. महाराष्ट्रात कवठे नावाची गावं किती तरी आहेत. कांद्यावर ताडपत्री टाकायची की नाही हे ह्यांनी आभाळाकडं बघून ठरवलं म्हणून माल वाचला. तुमच्याकडं यंत्र असेल तर आज उठून ॲपमध्ये गाव, तालुका, जिल्हा आणि पिनकोड तपासा. यंत्र सांगतं ते कुठल्या गावाचं, हे ते आपण होऊन सांगत नाही.

आत्यांनी एकदा बशीर मोमीन कवठेकरांचं गाणं लाव म्हटलं. आमच्याच गावचे. तमाशाच्या फडांसाठी त्यांनी किती वगनाट्यं आणि लावण्या लिहिल्या, राज्य शासनानं विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार दिला. २०२१ मध्ये गेले. आत्यांनी त्यांना समोर बसून पाहिलेलं. यंत्रानं कुठली तरी हिंदी कव्वाली सुरू केली आणि बंद करायला सांगितलं तर आवाज वाढवला. आत्यांनी त्यानंतर त्याच्याकडं काही मागितलं नाही. त्यांच्या खोलीतला डबा मीच कपाटात टाकला. त्याबद्दल थोरला फोनवर चिडला, "आई, तू प्रयत्नच करत नाहीस."

प्रयत्न. हा शब्द मला फार लागला. आमच्या विहिरीवर मोटारीला मोबाईल स्टार्टर आहे. त्यात सिमकार्ड असतं, घरून फोन लावला की मोटार चालू, परत लावला की बंद. लाईट आली की मेसेज येतो. रात्रीचं थ्री फेज असलं आणि हे गावाला गेलेले असले की मोटार मीच चालवते, घरात बसून. ते यंत्रच आहे ना? ते मला आलं, कारण त्याला साध्या सिमची रेंज पुरते, त्याला माझी बोली समजावी लागत नाही, आणि सगळं बिघडलं तरी स्टार्टरवर हिरवं आणि लाल बटण जागच्या जागी असतं. खोक्याचं झाकण उघडून हातानं दाबता येतं. ज्यानं तो स्टार्टर बनवला त्यानं शेतकरी डोळ्यांसमोर ठेवला होता. हे दुसरं ज्यांनी बनवलं त्यांनी कोणाला डोळ्यांसमोर ठेवलं होतं ते मला माहीत नाही, आम्हाला नव्हतं एवढं नक्की.

आता त्या रात्रीचं सांगते.

हे पाणी धरायला गेले होते. घरात मी आणि आत्या. लाईट होती, हे लक्षात घ्या. घरातले दिवे लागलेले होते. जेवणं झाली आणि गोठ्यातली गाय दावं ओढायला लागली. वासरू हंबरलं. गाय उगाच दावं ओढत नाही, ज्यानं जनावरं पाळली त्याला हे सांगायला नको. आत्या पडवीत बसलेल्या, त्या म्हणाल्या, "अगं दिवा, बाहेरचा दिवा." मी आतूनच यंत्राला सांगितलं, त्याच्या हिंदीत, जसं शिकवलं तसं. ते म्हणालं, इंटरनेट से कनेक्ट करने में दिक्कत हो रही है. परत सांगितलं. परत तेच, त्याच गोड आवाजात. रस्त्याच्या कामावर त्या संध्याकाळी जेसीबीनं नेटची वायर तोडली होती, ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

मी पडवीत धावले, बोर्डावर हात टाकला. बाहेरच्या हॅलोजनचं बटण उजवीकडून दुसरं. या घरात नांदायला आले तेव्हापासून तो हात अंधारातही तिथंच जातो. तिथं बटण नव्हतं. बटणाच्या जागी पांढरी कोरी पट्टी बसवलेली. त्या माणसानं बटण काढून वायर थेट जोडली होती, कोणी चुकून बंद करू नये म्हणून. माझी बोटं त्या गुळगुळीत पट्टीवर फिरत होती, बाहेर वासरू ओरडत होतं, आणि मला कळलं की या घरात बाहेरचा दिवा लावायचा अधिकार माझ्याकडं उरलेला नाही. घर आमचं, लाईटबिल आम्ही भरतो, हॅलोजन आमच्या पैशाचा, वरती करंट चालू, आणि तो दिवा लावायला कुठल्या तरी लांबच्या कंपनीची परवानगी यायला हवी, जी येणार नव्हती.

आत्यांना ओढत आत घेतलं, दार लावलं, खिडकीतून बॅटरी मारली आणि परातीवर लाटणं बडवत राहिले. शेजारच्या मळ्यातून जाऊबाईंचा मुलगा ट्रॅक्टरचे दिवे लावून आला तेव्हा जीव भांड्यात पडला. वासरू वाचलं. सकाळी घासाच्या ओल्या वाफ्यात ठसे दिसले. हे उघड्या वावरातून रात्री चालत घरी आले होते, तो विचार मी अजून पुरता करू शकत नाही.

हे असं का होतं ते धाकट्यानं नंतर समजावलं, ते तुम्हालाही माहीत असू द्या. डब्यातली चिप फक्त स्वतःचं नाव ऐकण्यापुरती हुशार असते. नाव ऐकलं की पुढचं तुमचं बोलणं नेटवरून कंपनीच्या संगणकांकडं जातं. अर्थ तिथं लागतो. तिथून निरोप दिवा बनवणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या संगणकाकडं, तिथून उलट तुमच्या राऊटरकडं, मग दिव्याकडं. नेट चांगलं असलं तर हे सगळं डोळ्याची पापणी लवेपर्यंत होतं, म्हणून कळत नाही. पण या साखळीतली एक कडी तुटली की पडवीपासून वीस पावलांवरचा दिवा लागत नाही. इन्व्हर्टर असला तरी उपयोग नाही. तुमचा राऊटर चालू राहील, पण नेटवाल्याच्या पेटीची लाईट गेली किंवा वायर तुटली तर सगळं ठप्प.

सकाळी दुकानदाराला फोन केला. त्याचं पहिलं वाक्य, "नेट नव्हतं त्याला मी काय करू?" बटण काढल्याचं विचारलं, तर म्हणाला तसंच बसवतात. मग म्हणाला, "मावशी, तुम्ही लोक स्पष्ट बोलत नाही, म्हणून प्रॉब्लेम येतो. हळू बोलायचं, शुद्ध बोलायचं." नेट तुटलेलं होतं हे आत्ताच स्वतः कबूल केलं आणि दुसऱ्या वाक्यात दोष माझ्या बोलण्याचा! मी सातवीपर्यंत शिकले, बचत गटाचं दप्तर सांभाळते, बँकेत साहेबांसमोर उभी राहून बोलते. माझं बोलणं आजवर कोणाला कळलं नाही असं झालं नाही.

कंपनीच्या कस्टमर केअरला लावला. हिंदी किंवा इंग्रजी. पलीकडची मुलगी नम्र होती, तिचा राग नाही. पण तिनं विचारलं, खातं कोणत्या मेलवर आहे? थोरल्याच्या. मग ती माझ्याशी बोलायला तयार नाही. माझ्या घरातल्या दिव्यांचा मालक कंपनीच्या दप्तरी पुण्यातला माझा मुलगा, आणि तो मीटिंगमध्ये. तक्रार नोंदवायची तर त्यानं नोंदवायची. तेव्हा खातं उघडताना ज्या माणसाला त्या घरात राहायचं आहे त्याच्या फोनवर उघडा. पोरं पुण्याला जातात, घर इथंच राहतं.

यानंतरच्या शनिवारी धाकटा आला आणि ॲप उघडून बसला. त्यात 'हिस्टरी' म्हणून एक जागा होती. तिथं आमच्या घरातलं बोलणं होतं. दिवा लाव, पंखा बंद कर, हे तर होतंच. पण मधूनमधून आमचं आपसातलं. दिरांबरोबर वाटपावरून झालेलं बोलणं, अर्धवट तुटलेलं. भाचीच्या स्थळाबद्दल मी जाऊबाईंना सांगत होते तो तुकडा. यंत्राला टीव्हीतल्या किंवा आमच्या बोलण्यातल्या कुठल्या तरी आवाजात आपलं नाव ऐकू आलं असणार, म्हणून ते जागं झालं आणि घेत राहिलं, असं धाकटा म्हणाला. त्यानं दाबलं आणि माझाच आवाज मला ऐकवला. मला तिथं बसवेना.

२०१९ मध्ये जगभर उघड झालं होतं की ॲमेझॉन, गूगल आणि ॲपल या तिन्ही कंपन्यांकडं अशा रेकॉर्डिंगचे काही तुकडे यंत्र सुधारण्यासाठी म्हणून माणसं बसून ऐकत होती. ॲपलनं अशाच दाव्यात साडेनऊ कोटी डॉलर द्यायचं २०२५ च्या सुरुवातीला मान्य केलं, आपली चूक मात्र मान्य केली नाही. लहान मुलांची रेकॉर्डिंग ठेवल्याच्या प्रकरणी ॲमेझॉनला अमेरिकेत २०२३ मध्ये अडीच कोटी डॉलर दंड झाला. एवढं सगळं छापून आलेलं असताना विकणाऱ्यानं एका शब्दानं सांगू नये?

ॲपमधल्या प्रायव्हसीच्या पानावर जाऊन जुनं बोलणं पुसता येतं आणि आपोआप पुसलं जाईल असंही ठरवता येतं. यंत्रावर माईक बंद करायचं बटण असतं. घरात सोयरीक, पैसे, वाटप, आजारपण असलं काही बोलायचं असेल तर ते दाबा, नाहीतर सरळ प्लग काढा. मी प्लगच काढायचे. माझा विश्वास त्याच्यावरच आहे.

ज्यांच्या घरी हे आधीच बसलंय त्यांना काही कामाच्या गोष्टी सांगते. वायफायचा दिवा घेण्यापेक्षा बोर्डाच्या आत बसणारी डबी घ्या, जिच्यामुळं भिंतीवरचं बटणही चालतं आणि बोलूनही चालतं. अशा बहुतेक डब्यांना बोर्डात न्यूट्रल लागतो. आपल्याकडच्या जुन्या बोर्डांत तो कधी कधी आणलेला नसतो, म्हणून बसवणारे आळसानं सोपा मार्ग काढतात. वायरमनला आधी न्यूट्रल विचारा. तो 'गरज नाही' म्हणाला तर दुसरा बघा. काम झाल्यावर पैसे द्यायच्या आधी राऊटर बंद करा आणि प्रत्येक दिवा हातानं लावून बघा. एक जरी लागला नाही तरी पैसे देऊ नका.

लाईट गेली आणि रात्री दोनला आली की हे दिवे आपोआप डोळे दिपवत पेटतात. आमच्या आत्या त्यानं दचकून उठायच्या. ॲपमध्ये लाईट आल्यावर दिवा आधी होता तसाच राहावा अशी सोय बऱ्याच दिव्यांना असते, ती शोधून लावा. नेटवाला बदलला आणि नवीन राऊटर आला तर वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनेच ठेवायला सांगा, अक्षर न अक्षर तेच. नाहीतर सगळे दिवे परत एकेक करून जोडत बसावे लागतं आणि तोवर घर मुकं. शिवाय हे दिवे बहुतेक २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतात. नवीन राऊटरवर तेच बंद असेल तर दिवसभर डोकं फोडलं तरी जोडणी होत नाही.

पक्कं बिल घ्या, खोकं ठेवा. पोरांना नाही म्हणायला शिका. गोड बोलणाऱ्यावर विसंबू नका.

आणि तक्रारीचं. दुकानदार म्हणाला, "करा कुठं करायची ती, कंपनी बेंगळुरूला आहे." हे खोटं भय आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे, आणि त्यात आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडं तक्रार करता येते. बेंगळुरूला जावं लागत नाही, आपल्याला पुणे. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाईनला फोन करून नोंद करा, तिथं आपल्या भाषेत बोलता येतं. दुकानदाराला जे सांगायचं ते लेखी द्या आणि पोच घ्या. काढलेलं बटण, कोरी पट्टी, थेट जोडलेली वायर, सगळ्याचे फोटो दुरुस्तीच्या आधी काढा. मी काढले. गावच्या वायरमननं दुसऱ्याच दिवशी बटण परत बसवून दिलं, मजुरी घेईना, मी हातात कोंबली.

थोरल्यानं आता मान्य केलंय की बाहेरच्या दिव्याला हात लावायला नको होता, पण आतलं राहू दे म्हणतो. आतलं मी काढलंय. दुकानदारानं डबे परत घ्यायला नकार दिला, म्हणाला वापरलेला माल. त्याला लेखी पत्र पोस्टानं गेलंय, पोचपावती आली आहे. उत्तर नाही आलं तर मी आणि हे पुण्याला जाऊन तक्रार दाखल करणार आहोत. आमच्याच वस्तीवर आणखी दोन घरी त्याच माणसानं असंच बसवलंय, तिथं पण मी बोर्ड उघडून पाहायला सांगितलं. एका घरी बटण काढलेलंच निघालं.